आव्वाच्या लग्नाला कोण होतं

१२ मार्च ८३, शनिवार

अहमदपूरच्या तहसिलीतून नोटीस. आप्पांच्या शेतावर वारस म्हणून आव्वाचं नाव लावायचा अर्ज मी दिवाळीनंतर केला होता, त्यावर हरकत आलीय. हरकत घेणारा शिवादादा, सख्ख्या काकांचा मुलगा. मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवते, पुढेमागे त्याची दया यायला लागली तर वाचायला: "सदर बाई ही मयताची लग्नाची बायको नसून मयताने तिला घरात ठेवून घेतले होते."

ठेवून घेतले होते! याच बाईच्या हातच्या भाकरी खाऊन हा शाळेत गेला. उन्हाळ्यात गोवर निघाला तेव्हा याच्या उशाशी कोण बसलं होतं? माझी आईच ना?

हे म्हणाले, आधी पाणी पी. घरात पाणी आहे कुठे, टँकर परवा येऊन गेला.

आव्वा ज्वारी निवडत होती. "काय लिवलंय?" म्हणाली. तलाठ्याचं नेहमीचं, असं मी म्हणाले. "मग मोठ्यानं वाच की." वाचलं. तिने सुपातले खडे बाजूला काढले, सूप खाली ठेवलं. "सुमे, शेत घेऊ दे त्याला. तुझ्या आप्पाशेजारची जागा तेवढी माझी ऱ्हाऊ दे."

१३ मार्च, रवि.

ती जागा. आप्पांना शेतात विहिरीच्या अंगाला, लिंबाखाली ठेवलंय. आपल्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात तसं, बसवून, विभूती लावून. पलीकडची जागा आव्वाची, असं आप्पा जाण्याआधी सगळ्यांसमोर बोलले होते. शिवादादाही होता, मान हलवली होती त्याने. आता शेत त्याच्या नावावर चढलं की भाऊकी म्हणणार, लग्नाची नाही तर इथे कशी?

डॉक्टर म्हणतात हृदय थकलंय, जपा. आप्पा गेल्यापासून ती माझ्याकडे नांदेडला आहे आणि रोज एकच विचारते, "हितं मेले तर मला कुठं ठेवशील?" मी काय उत्तर देऊ?

हरकतीचं खरं कारण मला ठाऊक आहे. गावातल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवलाय. आप्पांच्या विहिरीत अजून पाणी आहे.

१६ मार्च, बुध.

एक्स्चेंजमधून अ.पूरची तहसील लावली. माझी उभी नोकरी लोकांना लोकांशी जोडून देण्यात गेली, आज म्हटलं स्वतःसाठी एक प्लग लावू.

"लग्नाचा पुरावा आणा. नोंद, दाखला, काहीबी."

"निजामाच्या राज्यातलं लग्न आहे ते."

"मंग निजामाच्या राज्यातली नोंद आणा."

प्लग मीच उपटला. या नोकरीतलं एवढं एकच सुख. नंतर तासभर फोन मागणाऱ्या प्रत्येक पार्टीवर खेकसत होते. शेजारच्या बोर्डावरच्या कदमबाई म्हणाल्या, सुमन, चहा घेऊन ये जा.

२५ मार्च, शुक्र.

लातूर. एक सीएल गेली.

जिल्हा होऊन अजून वर्ष झालं नाही. कचेरीला रंगाचा वास, भिंती चकचकीत, कपाटं रिकामी. कारकून भला माणूस, खुर्ची दिली. "बाई, जिल्हा नवा हाय. जुनं समदं उस्मानाबादला. गठ्ठे येऊन राहिलेत म्हणतेत, पन आमी तर अजून एक बी बघितला न्हाई."

कधी येतील? तर हात वर केले.

येताना एसटीतून रस्त्याकडेला रोजगार हमीच्या बायका, खडी फोडत. डोक्यावर पदर, पदरावर धूळ. आव्वाच्या वयाचीही एक दिसली. तिच्याकडे कुणी लग्नाचा दाखला मागितला असेल का, असं उगाच मनात आलं.

५ एप्रिल, मंगळ.

उस्मानाबाद. आणखी एक सीएल.

"तुमचा तालुका आता लातूरला गेला."

"ते म्हणतात कागद तुमच्याकडे आहेत."

"असतील. पण तुम्ही म्हणता त्या काळात तुमचा तालुका आमच्याकडं नव्हताच. तवा तुमी बिदर जिल्ह्यात. बिदरला जा."

बिदर आता कर्नाटकात! म्हणजे आव्वा एका घरात, एकाच चुलीपुढे बसून तीन जिल्हे फिरली आणि एकाही जिल्ह्याने तिचं लग्न बघितलं नाही. मी तावातावाने बोलत होते. बाकावर बसलेले एक म्हातारे मुसलमान गृहस्थ ऐकत होते, म्हणाले, "बेटी, आमच्यात काजीकडं सियाहा ऱ्हातो, निकाह त्याच्यात लिवून ठिवतेत. तुमच्यात कुठं ऱ्हातं?"

मी म्हणाले, लोकांच्या तोंडात.

"मंग लोकांनाच इचार." त्यांचं बरोबर होतं. पण उन्हातान्हात दोन जिल्हे हिंडवून मग हे कळावं, याचा राग कुणावर काढायचा?

तरी बिदरला पत्र टाकलंच. हट्ट माझाही काही कमी नाही.

१४ एप्रिल, गुरु. पाडवा

गुढी उभारली. साखरेच्या गाठीचं माप यंदा लहान. आव्वाला कडुलिंबाची पानं वाटून दिली आणि तिच्यासमोर बसले. आज सोडायचंच नाही असं ठरवून.

"तुझ्या लग्नाला कोण कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"अगं, आत्या, काकू, शेजारीपाजारी?"

"न्हाई."

"वाजंत्री?"

"न्हाई."

"असं कसं लग्न गं?"

"झालं तसं." तोंड फिरवून बसली. माझा आवाज चढला. तुझ्यासाठीच मरमर करतेय आणि तुलाच सांगायला नको! ह्यांनी खुणावलं, सणाचा दिवस आहे. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

२० एप्रिल, बुध.

अ.पूर. मठपती स्वामींच्या घरी. आमच्या घरची कार्यं थोरल्या स्वामींनी केली, ते जाऊन काळ लोटला. आता मुलगा मठपती आहे, माझ्याहून थोडा मोठा. वाटलं, वडिलांच्या तोंडून ऐकलं असेल काही.

ऐकलं होतं. आधी खूप आढेवेढे घेतले. मग बायकोला आत पाठवलं, दार ओढलं.

"आक्का, तुमाला ठाऊक न्हाई का? ती उडकी हुती."

उडकी म्हणजे काय, मी विचारलं.

"आव्वा तुमच्या आप्पांच्या आधी एकदा लगीन झालेल्या. नवरा गेलता. विधवेचं पुन्हा लावतेत त्याला उडकी. आमच्या वडलांनीच लावली. पन उडकी अंधारात, गोठ्यात लावायची. सवासिनीनं बघायची न्हाई. त्याचं कोन बोलनार?"

तुम्ही लिहून द्याल का? तर म्हणाले, "मी बघितलं न्हाई, कसं लिवू?" आणि वर, "समाजात आमालाबी ऱ्हायचंय."

एसटीत सगळा रस्ता दात आवळून बसले होते. म्हणजे इतकी वर्षं गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मला सोडून.

२१ एप्रिल, गुरु.

घरात शिरताक्षणीच विचारलं होतं. आव्वा म्हणाली, उद्या. आज सांगितलं.

माहेर भालकीकडचं, कानडी मुलूख. पहिलं लग्न मांडीवर बसवून झालेलं. "त्याचं तोंडबी आठवत न्हाई मला. ताप आला न् गेला. मला सासर कळायच्या आत रंडकी केली." आप्पा दुकानाचा माल आणायला तिकडे जायचे. त्यांनी हिला बघितलं आणि घरी येऊन सांगितलं, करीन तर हिलाच. आजोबा कबूल झाले, पण गुपचूप उरकायचं म्हणून.

"गोठ्यात एक दिवा. स्वामी. दोन रंडक्या बाया, त्यांनी मला बांगड्या भरल्या, लुगडं नेसवलं. बाकी समद्या घरातल्या सवासिनी आत दार लावून. उडकी बघितली की कुंकू जातं म्हणतेत." पदर सारखा केला. "तुझा आप्पा डोरलं बांधताना हासत हुता. लई हासरा हुता तवा."

त्या दोघी बाया केव्हाच गेल्या. स्वामीही गेले.

"आणखी कुणीच नव्हतं?"

"सांगितलं की कुणी नव्हतं म्हणून! बेडा आता. पुरे."

मला ओरडावंसं वाटत होतं. कुणावर, ते कळत नव्हतं. एका मुलीचं लग्न गुरांच्या मुतात, शेणात उभं राहून लावायचं, बघणाऱ्याला बघू द्यायचं नाही, आणि नंतर तिलाच विचारायचं, कुणी बघितलं का?

२ मे, सोम.

बिदरचं उत्तर आलं. तुमचा तालुका आमच्याकडे नाही. चला, एक घर कमी झालं.

गावी गेले, शिवादादाकडे. चहा झाला. तो बिनदुधाचा, जनावरं आटलीत. दावणीला बैल बसलेत, बरगड्या मोजून घ्याव्यात. खोटं कशाला लिहू, बघून दया आली.

"सुमे, माझी जनावरं मरून राहिली. तुमची हीर भरलेली अन् मी टँकरमागं पळून राहिलो."

"मग पाणी माग की! आव्वाने नाही म्हटलं का कधी?"

"मागून मागून किती दिस? उद्या तुझा नवरा शेत इकून टाकंल, मंग?"

"आणि म्हणून चुलतीला ठेवलेली म्हणायचं?"

खाली बघितलं. "वकील म्हनला तसं लिवावं लागतंय."

वकील म्हणाला! उद्या वकील म्हणाला तर आप्पा जन्मलेच नव्हते असंही लिहील.

काशीआत्या ओसरीच्या कडेला बसली होती. आप्पांची धाकटी बहीण. नवीन लग्न झालं आणि नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. वाटण्या झाल्या तशी ती थोरल्या काकांकडे राहिली, म्हणून आता दादाच्या घरात. आव्वा दर पंचमीला तिला लुगडं पाठवते, गेल्या वर्षीचं मीच आणून दिलं होतं. तिला बाजूला घेऊन विचारलं, आत्या, उडकी झाली तेव्हा तू याच घरात होतीस ना?

ती घाबरली. खरंच घाबरली. "सवासीन हुते मी तवा. सवासिनीला कोन बघू देतंय?" उठून आत गेली, पुन्हा बाहेर आली नाही.

१५ मे, रवि. बसवजयंती

समाजाच्या कार्यक्रमाला मुद्दाम अ.पूरला गेले. मंडप, हार, भाषणं. सगळी माणसं सारखी, बाई-पुरुष सारखे, असं माईकवर ऐकलं. टाळ्या मीही वाजवल्या. मग तिघा वडीलधाऱ्या माणसांना गाठलं. आप्पांच्या पंगतीला बसलेले, आव्वाच्या हातचं वर्षानुवर्षं जेवलेले. फक्त एवढं लिहून द्या की हे दोघं नवरा-बायको होते.

"ते जुनं कशाला उकरून राहिलात?"

"उद्या तुमच्याच लेकीच्या सोयरिकीत आडवं यील."

तिसरा पान खायला गेला.

फोटोला हार घालताना यांचे हात थरथरत नाहीत. सहीचं नाव काढलं की सगळ्यांचे चष्मे घरी राहतात. त्यांच्या तोंडावरच म्हणाले मी. हे म्हणतात, बोलायला नको होतं. मला वाटतं, कमी बोलले.

२४ मे, मंगळ.

सुनावणीची तारीख आली, येता सोमवार. आमच्या बाजूने कागद: रेशनकार्ड, माझा शाळेचा दाखला, मतदारयादी. आमचे वकील म्हणाले, हे सगळं ठीक, पण ते म्हणणार ठेवलेल्या बाईचंही रेशनकार्डात नाव असतं. लग्न बघितलेलं माणूस हवं.

अ.पूरच्या ऑपरेटरने बातमी दिली, त्याचं घर आमच्या गावात, दादाच्या गल्लीत. दादा काशीआत्यालाच साक्षीला आणतोय. घरातली सर्वांत जुनी बाई, ती सांगणार की घरात लग्न असं कधी झालंच नाही.

आव्वाला सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. म्हणाली, "तिला तरास देऊ नगा." तिला! त्रास! मी उठून गच्चीवर गेले.

३० मे, सोम.

सगळं नीट लिहायचं आहे आज.

आव्वाने येऊ नये म्हणून मी अडून बसले होते, ती ऐकायला तयार नाही. हे सोबत आले. तहसिलीच्या व्हरांड्यात खांबाला टेकवून बसवली तिला. दादा जीप करून आला. आत्याच्या अंगावर आव्वाने पाठवलेलंच लुगडं होतं. तिने आमच्याकडे बघितलं नाही.

आत दादाच्या वकिलाने विचारलं, "बाई, या घरात तुमच्या भावाचं असं लग्न झालेलं तुम्ही पाहिलं का?" आणि तहसीलदारसाहेबांकडे वळून उत्तराची वाटही न बघता कागद चाळायला लागला. त्याला उत्तर पाठ होतं.

आत्या म्हणाली, "बघितलं."

वकील थांबला. दादा म्हणाला, आत्या, नीट ऐक काय इचारून राहिलेत.

"ऐकलं. बघितलं मी. दार लावलेलं हुतं, मी मागच्या कुडाच्या फटीतून बघितलं. दिवा हुता. स्वामीनं इभूत लावली. माझ्या भावानं डोरलं बांधलं. नवं लगीन झालेली मी, म्हायेरी आलते, बघू नगं म्हनले हुते. बघितलं. अन् पुढच्या सालात माझा नवरा गेला. मी बघितलं म्हनून गेला. कुनाला सांगितलं न्हाई मी आजवर."

कारकुनाने पेन उचलून विचारलं, "साहेब, हे नवऱ्याचं बी लिवायचं का?"

"नको. समक्ष पाहिले, एवढं लिही."

एवढं लिहिलं. बाई जन्मभर जे उराशी घेऊन बसली, ते त्यांच्या कागदात मावत नव्हतं. वकील पुढे काहीबाही बोलला, अडाणी बाई, अंधार, वय. साहेबांनी निकाल राखून ठेवला. कळवू म्हणाले.

बाहेर येईपर्यंत जीप निघून गेली होती. आत्याला तिथेच सोडून. पायरीवर उभी होती, पदर तोंडाशी धरून, जायचं कुठे ते न कळून. आव्वाने हाताने शेजारची फरशी पुसली.

"बस."

आत्या बसली. मग आव्वा म्हणाली, "ठाऊक हुतं मला. तुझा चुडा वाजला हुता. नवा चुडा, लई वाजायचा."

मी तिथेच भडकले. ठाऊक होतं? आणि मला लातूर, उस्मानाबाद, बिदर करायला लावलंस? विचारून विचारून माझी जीभ झिजली, कुणी नव्हतं, कुणी नव्हतं!

आव्वा माझ्याकडे बघत होती, पण बोलली ते आत्याच्या पाठीवर हात ठेवून. "हिचा नवरा गेला तवा गाव मला म्हनलं. उडकीची घरात आली न् घराला लागली म्हनलं. म्हनू दिलं मी. ही बघत हुती म्हनून कळलं असतं तर हिला जगू दिलं असतं का?"

ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पण राग गेला नाही. आता तर तो आव्वावरही आहे, त्या फटीवर आहे, आजोबांवर आहे, दोघींच्या लवकर मेलेल्या त्या नवऱ्यांवरही आहे.

आत्या आमच्याबरोबर नांदेडला आली. दुसरं कुठे जाणार?

४ जून, शनि.

निकाल नाही. तहसिलीत प्लग लावला, "टपालानं येईल" म्हणाले. दादाचा निरोप नाही, आत्याच्या कपड्यांचं बोचकंही नाही.

टँकर आज आला, दोन घागरी जास्त मिळाल्या, म्हातारी माणसं घरात आहेत म्हणून भांडून घेतल्या.

दुपारी दोघी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. आव्वाला बरं वाटत नाही, पण शेंगा फोडायला बरं वाटतं. मी आत कपडे घडी करत होते, ऐकू येत होतं.

"वैनी, आता शिवा मला दारात घेनार न्हाई. मी गेले तर मला कुठं ठिवतील?"

"तिथंच. माझ्या पलीकडं."

"जागा पुरंल का?"

"सरकून बसू की."

मला हसूही आलं आणि संतापही. अजून निकाल नाही, जागा कुणाची ते ठरलेलं नाही, आणि ही बाई त्यातली अर्धी वाटूनही बसली. बाहेर जाऊन म्हणणार होते, आव्वा, आधी तुझी तर मिळू दे. उंबऱ्यापर्यंत गेले. आव्वा आत्याच्या ओंजळीत सोललेले दाणे ओतत होती, तशीच मागे फिरले.

सोमवारी पुन्हा फोन लावायचा.